सात बिऱ्हाडांचा मसाला

होळी झाली की लालबागच्या त्या गल्लीत शिरताना अजूनही लोक पदर, रुमाल, जे हाती लागेल ते नाकाला लावतात. मी लावत नाही. पहिला ठसका मी मुद्दाम खाते. दुकानांपुढे मिरच्यांचे ढीग असतात, आत मसाला कांडणाऱ्या डंखांची लोखंडी मुसळं धडाधडा वर-खाली होत असतात, आणि तो झोंबणारा वारा घशात गेला की डोळ्यांत पाणी उभं राहतं. बरोबरच्या माणसाला वाटतं, मिरचीनं आलं. मीही तसंच वाटू देते.

यंदा बरोबर नात होती. ती मॅनेजमेंट शिकते. कॉलेजात कुठल्या तरी उद्योगावर लिहून द्यायचं होतं, तर तिला आयती आजी सापडली. घोडपदेवला आमचा मसाल्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन गाळे, चार डंख आणि मिरच्यांची देठं काढत गप्पा मारणाऱ्या वीस-बावीस बायका. पण नातीच्या वहीत त्याचा 'उद्योगसमूह' झालेला मी पाहिला. गल्लीतून चालता चालता तिनं विचारलं, "आजी, तुझ्या यशाचं सूत्र एका वाक्यात सांग ना."

मी म्हटलं, "मिरची कानाशी धर."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की आता आजीला घरी नेलेलं बरं. मी एका ढिगातली मिरची उचलून तिच्या कानाशी हलवली. आतल्या बिया खुळखुळल्या नाहीत. म्हणजे मिरची वरून वाळली आहे, आत अजून ओल आहे. असला माल घेतला की पावसाळ्यात बरणीला बुरशी. दुकानदार ओशाळं हसला आणि आतून दुसरं पोतं काढायला गेला. कारखान्यात आता ओल मोजायचं यंत्र आहे, मुलानं हौसेनं आणलंय. मी ते नाकारत नाही. पण मिरची कानाशी नेल्याशिवाय माझा हात सही करत नाही, कारण मला हे माईंनी शिकवलंय.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. सगळी चाळ त्यांना माई म्हणायची, म्हणून मीही. मूळच्या मालवणकडच्या, मुंबईत येऊन तीस वर्षं झाली तरी बोलणं तिकडचंच राहिलं होतं. मी गिरगावातली. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. 'क'च्या घरात 'ख' पडला तर उद्या पेपरात अनर्थ होईल, हे ऐकत मी वाढले. एकोणीस वर्षांची असताना, माघात लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले. आमचे हे मिलच्या कचेरीत कारकून होते. चाळीचे जिने, गॅलऱ्या, दुकानांच्या पाट्या, सगळीकडे संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे असं चुन्यानं लिहिलेलं असायचं. आज हरताळ, उद्या सभा, परवा अश्रुधूर. चैत्रात हे सत्याग्रहींच्या तुकडीत गेले आणि पकडले गेले. लग्नाला पुरते तीन महिने झाले नव्हते.

बातमी आली तेव्हा मी आणि माई गच्चीवर होतो. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ धापा टाकत वर आले आणि म्हणाले, "माई, तुमच्या पोराला नेलं गाडीत घालून." माईंनी मान हलवली, पदर कमरेला खोचला आणि मला म्हणाल्या, "मिरच्यो परत गो, एका कुशीर तापल्यो." पोराला नेलं आणि ह्यांना मिरच्यांची कूस पालटायची पडलेली, तेव्हा मला त्यांचा इतका राग आला होता! पुढे कळलं की आतून हादरल्या की त्यांच्या तोंडून हेच वाक्य निघायचं, मग समोर मिरच्या असोत किंवा नसोत.

तो मोसम असा होता. गच्चीवर आमच्या मजल्यावरच्या सात बिऱ्हाडांच्या मिरच्या वाळत घातलेल्या. सात चटया. प्रत्येक घराचा वर्षाचा मसाला ही प्रत्येक घराची अब्रू. कुणाचा लालभडक, कुणाचा काळपट, कुणाचा नुसत्या वासानं घाम फोडणारा. परबकाकूंच्या मसाल्यात बडीशेप जास्त, आमच्यात धणे जास्त, आणि कुणी कुणाला प्रमाण सांगायचं नाही. पाळीपाळीनं एकेकीनं राखण करायची, उन्हाबरोबर चटया सरकवायच्या. मला त्या कामात गंमत वाटायची. माईंच्या शेजारी बसून मी देठं काढायला शिकले, धणे-जिरं-मिरी वेगवेगळी भाजायला शिकले. "एकत्र टाकलंस तर धणे करपतले आणि मिरी कच्ची रवतली," माई म्हणायच्या. आज माझ्या कारखान्यात बावीस बायका आहेत, प्रत्येकीचा आपला असा वेग आहे, आणि मी त्यांना एका कढईत घालत नाही. नात हे ऐकताच वही काढते. लिही बाई.

डंखावरचीही त्यांची एक रीत होती. तिथे कांडायला पहाटे पहिला नंबर माईंचा. बाकीच्या बायका मुद्दाम मागे राहायच्या, कारण रिकाम्या उखळात पहिल्या घाण्याचा मूठभर मसाला चिकटून राहतो आणि तो दुसरीच्या वाट्याला जातो. पहिली नेहमी तोट्यात. तरी माई पहिल्या. "आपलो मसालो दुसऱ्याच्यात गेलो तर जावंदे. दुसऱ्याचो आपल्यात नको." माझ्या कारखान्यात आजही मसाला बदलताना पहिली मूठ बाजूला काढतात. गिऱ्हाईक टिकण्याचं कारण मला विचाराल तर ती मूठ. पण ह्या वाक्याला दुसरी एक बाजू होती, आणि ती मला पुढे कळली.

सात चटयांपैकी सहा भर उन्हात असायच्या. सातवी पश्चिमेच्या कोपऱ्यात, जिथे शेजारच्या इमारतीची सावली दुपारीच यायची. ती काशीबाईंची. गॅलरीच्या टोकाच्या खोलीत राहायच्या, नवरा मिलमध्ये जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाताखाली. सातारकडच्या. आमच्या मजल्यावर त्यांच्या समाजाचं ते एकच बिऱ्हाड. त्याच वर्षाच्या शेवटी त्या घरानं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. पण मी सांगते तो वैशाख त्याच्या आधीचा. त्यांच्या मिरच्या वाळायला सगळ्यांपेक्षा चार दिवस जास्त लागायचे, आणि त्याबद्दल कुणीच काही बोलायचं नाही, त्याही नाहीत. मी एकदा भाबडेपणानं म्हटलं, "काशीबाई, इकडे जागा आहे की." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागे उभ्या असलेल्या माईंकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "हितंच बरं हाय." माईंनी मला मिरच्या परतायला लावल्या.

त्या वैशाखात एके दुपारी राखणीची पाळी माझी होती. रस्त्यावर सकाळपासून धुमश्चक्री चाललेली. पोरं दगड मारून पळत होती, पोलीस मागे. अचानक आमच्याच जिन्यात आरडाओरडा झाला, चार-पाच पोरं गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर उड्या मारून गेली, आणि खालून कुणीतरी ओरडलं, "पोलीस वर येतायत!"

माझ्या डोळ्यांसमोर एकच आलं. बूट. वर्षाच्या मसाल्यावर बूट. मिल कधी चालू तर कधी बंद, पुन्हा मिरच्या घेण्याची ऐपत सातांतल्या एकाही घराची नव्हती. जिन्याच्या तोंडाशी छप्पर होतं, तिथे एक ताडपत्री होती. मी चटया उचलून त्या ताडपत्रीवर रित्या करत सुटले. एक, दोन, तीन. वेगळं ठेवायचं भान नव्हतं आणि वेळही. सहा झाल्या. बुटांचा आवाज तिसऱ्या मजल्यावर आला होता. सातवी गच्चीच्या त्या टोकाला. मी धावले. का धावले ते आजही मला सांगता येत नाही. सातवी राहिली होती एवढंच डोक्यात होतं. ती चटई घेऊन आले, ढिगावर ओतली, ताडपत्री वरून लपेटली आणि नव्या नवरीनं बसावं तशी त्या ढिगावर बसले.

दोन पोलीस वर आले. एकानं दरडावून विचारलं, "पोरं कुठे गेली?" मला बोलताच येईना, खालून मिरची अशी झोंबत होती. मी नुसती रडत होते. तो जवळ आला, सटासट सहा शिंका दिल्या आणि "चला हो, इथे काही नाही," म्हणत दोघे खाली गेले. चाळीत ही गोष्ट पुढे वर्षानुवर्षं हसून हसून सांगितली गेली. त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही.

माई वर आल्या. ताडपत्री उघडली. बेडगी, लवंगी, संकेश्वरी, सगळ्यांच्या सगळ्या एका ढिगात. "ह्यां काय केलंस गो?" त्या एवढंच म्हणाल्या, पण आवाज असा की मी दोन पावलं मागे सरले. मागून बायका जमल्या. परबकाकूंनी पहिला प्रश्न विचारला तो हा, "हिच्यापण ह्यातच?" आणि कोपऱ्याकडे बोट केलं. मी मान हलवली. परबकाकू म्हणाल्या, "मग मला नको त्यातलं काही. फेकून द्या." आणि जिना उतरून गेल्या. काशीबाई सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, ढिगाकडे पाहिलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "माझ्या चार शेर व्हत्या. चार शेर द्या. कुठल्याबी द्या, पर मोजून द्या."

संध्याकाळी माईंनी मला स्वयंपाकाला हात लावू दिला नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "उद्या तुझ्या बापाशीक निरोप धाडतंय. येवन घेवन जावंदे तुका." मी पेटी भरून ठेवली. हे तुरुंगात, सुटून येतील तेव्हा घरात मी नसेन, आणि का नाही ते माझ्या आधी चाळ त्यांना सांगेल. माझा संसार सुरू होण्याआधीच एका ताडपत्रीवर उलटा झाला होता. वडिलांना काय सांगू? की तुमच्या मुलीनं सगळे खिळे एका खणात ओतले?

सकाळी निरोप गेला नाही. माईंनी मला पायानं हलवून उठवलं आणि म्हणाल्या, "ऊठ. देठ काढूक बस." का, ते विचारायची माझी छाती नव्हती. बाहेर गॅलरीत त्यांनी पाच घरांतल्या बायकांना जमवलं होतं. मिरच्या वेगळ्या होणार नव्हत्या. तेव्हा मसालाही एकच होणार, आणि प्रत्येकीनं घरचे मसाल्याचे जिन्नस घेऊन यायचे. कुणी धणे आणले, कुणी तिरफळं, कुणी दगडफूल, एकीनं नुसती खसखस. काशीबाईंनी भाजलेले तीळ आणले. डंखवाला दंग्यांना घाबरून गावी निघून गेलेला. मग चाळीच्या मागच्या अंगणात जमिनीत रोवलेलं एक जुनं दगडी उखळ होतं ते धुऊन काढलं.

उखळावर दोघी लागतात. एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. ताल चुकला तर मुसळावर मुसळ आदळतं किंवा बोटं चेचतात. माईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. त्या मजल्यावर तसा दणकट आणि तालाचा हात एकाच बाईचा होता, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. "काशी," माई म्हणाल्या, "माझ्यावांगडा कांडूक बस."

तीन दिवस त्या दोघी कांडत होत्या. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसून चाळत होते, नाकातोंडाला फडकं गुंडाळलेलं, डोळे मिटलेले. अजूनही डोळे मिटले की तो ताल ऐकू येतो. समोरच्याच्या मुसळाला वाट द्यायची आणि तो उचलेल तेव्हा आपण उतरायचं. भागीदारी म्हणजे काय ते मला पुढे कितीतरी शहाण्यांनी सांगितलं, पण मला कळलं ते त्या तालावर.

मसाला सात वाट्यांत विभागला. काशीबाईंचा वाटा माईंनी त्यांच्या समोर मोजून दिला. परबकाकूंचा डबा मी त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून आले. दोन दिवस डबा तसाच उंबऱ्यात. तिसऱ्या दिवशी आत गेलेला दिसला. महिन्याभरानं तो घासून परत आला, आणि आत मूठभर साखर होती. डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत परबकाकूंनी मोडली नाही.

त्या वर्षी संध्याकाळी गॅलरीतून चालत गेलं तर सातही दारांतून एकच वास यायचा. मी असा मसाला त्यानंतर कधी खाल्लेला नाही. सुरमईच्या कालवणात घाला, मटकीत घाला, नुसत्या तेलात कालवून भाकरीबरोबर घ्या. तिखट होता, पण जीभ पोळवून निघून जायचा नाही, मागे रेंगाळायचा. हे सुटून आले तेव्हा मिलनं त्यांना परत घेतलं नाही. पहिल्या दिवशी जेवताना ते थांबले आणि म्हणाले, "आई, हा आपला मसाला नाही." माई म्हणाल्या, "आता होच आपलो." मी ताटाकडे पाहत राहिले. माझ्याबद्दल त्या काहीतरी बोलतील असं वाटलं होतं. बोलल्या नाहीत.

पुढच्या मोसमात शेजारच्या चाळीतून विचारणा आली, त्याच्या पुढच्या वर्षी परळहून. काशीबाई, माई आणि मी, तिघींनी बरोबरीच्या वाट्यानं काम सुरू केलं. आठ वर्षं एकत्र होतो. मग काशीबाईंच्या मुलाला नोकरी लागली आणि ते वरळीला बीडीडी चाळीत राहायला गेले. माई गेल्या त्यालाही आता वीस वर्षं झाली. त्या अखेरपर्यंत माझ्याजवळ होत्या. माझ्या हातचं खाऊन, मला ओरडून, माझ्या मुलांना अंगाखांद्यावर घेऊन. पण त्या संध्याकाळनंतर त्या ढिगाबद्दल त्यांनी मला आयुष्यात एक शब्द ऐकवला नाही, बरा ना वाईट. मी चूक केली की बरं केलं? पेटी भरलेली असताना मला का ठेवून घेतलं? लोक मला सत्काराला बोलावतात, माटुंग्याच्या महिला मंडळात माझं भाषण ठेवतात, शाल देतात, आणि खुर्चीत बसून मी मनात एका मालवणी बाईच्या एका शब्दाची वाट पाहत असते. इतक्या वर्षांत ती सवय गेलेली नाही.

आणि तो मसाला. दर उन्हाळ्यात मी तो जुळवायला बसते. लवंगी कमी, बेडगी जास्त. तीळ आधी, तीळ नंतर. जवळपास येतो. गिऱ्हाईक वाहवा करतं. पण तो नाही. काहीतरी कमी पडतं.

यंदा गल्लीतून परत येताना नात म्हणाली, "मग त्या काशीबाईंना विचार ना प्रमाण." इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. भेटीगाठी होत होत्या, लग्नकार्यात, दुखण्याखुपण्यात. पण हे कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी एकटीच वरळीला गेले. काशीबाई खिडकीत बसल्या होत्या. डोळ्यांना कमी दिसतं, पण माझ्या पावलांवरून मला ओळखलं. चहा झाला. मी विचारलं, "काशीताई, त्या वर्षीच्या मसाल्यात काय किती होतं, आठवतं का काही?"

त्या हसल्या. "मसाल्याचं म्या काय बी ध्यानात ठेवलं न्हाय. पान्याचं ठेवलंय."

"कसलं पाणी?"

"दुसऱ्या दिशी कांडताना तुझ्या सासूला ठसका लागला. डोळं पांढरं केलं बघ. तिचा तांब्या पार तिकडं पायरीवर. माझा हितं, गुडघ्यापाशी." त्यांनी गुडघ्याजवळ हात नेऊन दाखवला. "म्या हात लावला न्हाय तांब्याला. म्हटलं, मागू दे तोंडानं."

"मग?"

"मागितलं की. 'काशी, पानी दे.' मग दिलं. तोंडाला लावून प्याली, अर्धा तांब्या." त्यांनी चहाचा कप चाचपून बाजूला सारला. "आन मग मुसळ उचललं, चार घाव घातलं, आन खाली उखळात बघूनच मला म्हनाली, 'पोरीनं तुझी चटई उचलली. म्या असते तर उचलली नसती.'"

मी तिथे होते. दोन हातांवर. डोळे मिटून, फडकं बांधून, चाळण हलवत, तिच्या खरखरीत बुडालेली. काशीबाईंनी माझा हात धरला आणि विचारलं, "तुला बोलली नव्हती व्हय कधी?" मी मान हलवली. त्यांना दिसलं नसेल, पण हातातून कळलं असावं.

खाली उतरताना जिन्यातच बसले. माईंनी हे काशीबाईंना सांगितलं, मला नाही. समोर बसवून विचारलं असतं, माई, एवढं मला का नाही म्हणालात, तर त्या काय म्हणाल्या असत्या ते मला अगदी पक्कं ठाऊक आहे. पदर कमरेला खोचला असता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या असत्या,

"मिरच्यो परत गो, एका कुशीर तापल्यो."